डिझेलच्या गाडीचं हिरवं स्टिकर

गाडी डिझेलची होती आणि फॉर्मवर मी पेट्रोल लिहिलं. घाईत बोट चुकलं, असं पुढे काही महिने मी स्वतःला सांगत राहिलो, पण तसं झालं नव्हतं. मी आधी डिझेलच निवडलं होतं. पडद्यावर उत्तर आलं की या गाडीला हिरवं स्टिकर मिळणार नाही. मग मी एक पान मागे गेलो, पेट्रोल निवडलं, आणि हिरवं मिळालं. बहारीनमधल्या सलमाबादच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डब्यातली भेंडी खाता खाता मी हे केलं. खाणं मध्ये थांबवलंसुद्धा नाही.

स्टिकर जर्मनीचं होतं. मी स्वतः जर्मनीला कधी गेलेलो नाही. तिथल्या बऱ्याच मोठ्या शहरांच्या मधल्या भागात जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी आहे. कुठली गाडी किती धूर सोडते हे समोरच्या काचेवरच्या गोल स्टिकरवरून कळतं. लाल, पिवळं आणि हिरवं असे रंग आहेत, पण लाल-पिवळ्याला आता जवळजवळ कुठेच आत सोडत नाहीत. म्हणजे हिरवं असेल तरच शहरात शिरायचं. स्टिकरवर गाडीचा नंबर असतो, त्यामुळे एकीचं दुसरीला चालत नाही. परदेशातून आलेल्या गाडीलाही ते लागतं. घरबसल्या मागवता येतं. मी मागवलं त्या ठिकाणी गाडीचा नंबर, ती कुठल्या साली रस्त्यावर आली आणि ती कशावर चालते, एवढंच विचारत होते. माहिती खरी असल्याची जबाबदारी तुमची, अशी एक ओळ खाली होती. ती मी वाचली होती.

हे सगळं मी आमच्या भाईंसाठी करत होतो. भाई म्हणजे आमच्या कंपनीचे स्टोअर-इनचार्ज. आमची कंपनी एसीचे डक्ट बनवते. मी तिथे अकाउंटंट, आणि भाई माझ्या कितीतरी आधीपासून तिथले. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. ऐन तारुण्यात बहारीनला आले ते इथेच राहिले. सनद नावाच्या वस्तीत एका जुन्या घराच्या तळमजल्यावर ते आणि भाभी राहायचे. मी राहतो जुफैरला, उंच इमारतीत, जिथे शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं. त्यामुळे शुक्रवारी सनदला जाऊन भाभींच्या हातची तांदळाची भाकरी खाणं हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं. भाई मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय पुणेकर," म्हणायचे. "पोट रिकामं ठेवून आलास की घरनं जेवून, आमच्या घरी फक्त चव घ्यायला?"

त्यांची एकच मुलगी. इथल्या शाळेत शिकली, घरात आईबापांना इंग्रजीत उत्तरं देत मोठी झाली, आणि अठराव्या वर्षी शिकायला जर्मनीला गेली. पुढे फ्रँकफर्टला नोकरी लागली, एक खोली भाड्याने घेतली. भाई-भाभींनी तोवर बहारीन, मुंबई आणि गाव यांच्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. "आमचं विमान कधी पश्चिमेला वळलंच नाय," भाई म्हणायचे. "उठलं की सरळ मुंबई. पायलटला पण पाठ झाला आसेल रस्ता."

एका शुक्रवारी मी तिथे असतानाच मुलीचा व्हिडिओ कॉल आला. भाभींनी विचारलं, तुझ्या खिडकीतून काय दिसतं? तिने फोन फिरवून खालची गल्ली दाखवली. खाली एक पांढरी कॅम्परव्हॅन उभी होती. दार सरकवून उघडलेलं, आणि आत एक बाई कप विसळत होती.

"ही गाडी हाय की घर?" भाभी म्हणाल्या.

"बोथ, मम्मा."

भाभी बराच वेळ त्या बाईकडे बघत होत्या. कॉल संपल्यावर म्हणाल्या, "आपण तशी गाडी घेऊन जायची. तिच्या खिडकीखाली लावायची. सकाळी चहा टाकायचा आणि खालनं हाक मारायची. ती डोळे चोळत उतरेल. घर सोडल्यापासनं तिला झोपेतनं उठवलं नाय मी."

भाईंनी थट्टा केली की जर्मनीत सकाळी हाका मारल्या तर पोलीस येतील. पण त्यांनाही ते आवडलं होतं. भाभींचे गुडघे गेलेले. ऑपरेशन करायचंच होतं, त्याआधी एकदा फिरून यावं असं चाललं होतं. हॉटेलात भाभींना जेवण चालायचं नाही, नमाजाला जागा मिळायची नाही, आणि मुलीच्या खोलीत तिघं मावायचे नाहीत. गाडीत पलंग, शेगडी, सगळं. "आणि जवळ्याची चटणी केली तर हॉटेलवाला हाकलेल," भाई म्हणाले. "गाडीला काय, काच खाली करायची."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बहारीनमध्ये आमच्या ओळखीच्या घरांतले फॉर्म मी भरतो. कुणाचा व्हिसा, कुणाच्या मुलाचा शाळाप्रवेश, कुणाची इन्शुरन्सची तक्रार. इंग्रजी बरं आहे, आकड्यांची सवय आहे, एवढंच त्यामागचं कारण. पण माणसं दारात येऊन "तुम्ही आहात म्हणून" म्हणतात, आणि ते ऐकायची चटक लागते. हे मला आता कळतं. तेव्हा मी याला मदत म्हणत होतो.

गाडी मी शोधली. जर्मनीपेक्षा हॉलंडमध्ये स्वस्त पडत होती, म्हणून तिथल्या दोन गाड्या निवडून भाई-भाभींना दाखवल्या. एक बऱ्यापैकी नवी, दुसरी जुनी, भाडं जवळजवळ निम्मं. जुनी ठरवली. निम्म्या भाड्यात गाडी मिळवली हे मी सनदला चार जणांसमोर सांगितलं, आणि भाईंनी माझी पाठ थोपटली. मालकाशी सगळा पत्रव्यवहार माझ्या फोनवरून झाला. त्याने गाडीच्या कागदाचा फोटो पाठवला आणि लिहिलं, गाडी डिझेल आहे, जर्मनीच्या शहरांत जाणार असाल तर स्टिकरचं तुम्ही बघा.

ते मी त्या दुपारी बघायला बसलो होतो.

पुण्यात माझी स्कूटर होती तेव्हा पीयूसी मी पेट्रोल पंपाबाहेर उभ्या असलेल्या व्हॅनमधून काढायचो. तिथला माणूस नंबर प्लेटचा फोटो काढायचा आणि कागद द्यायचा. सायलेन्सरमध्ये नळी घातलेली मी एकदाही पाहिली नाही. धुराचा कागद म्हणजे पैसे भरून घ्यायचा कागद, अशीच माझी समजूत झाली होती. जर्मनीचं स्टिकरही त्यातलंच असणार, असं मी धरून चाललो. काचेवर हिरवं काहीतरी दिसलं की झालं. एका जुन्या गाडीच्या धुराने फ्रँकफर्टचं काय बिघडणार आहे, असंही मनात आलं. त्या गल्लीत त्या मुलीसारखी माणसं राहतात आणि तो धूर त्यांच्याच खिडकीत जातो, हे मनात आलं नाही.

स्टिकर कंपनीच्या पोस्टबॉक्सवर आलं. भाईंनी ते स्टोअरमध्ये सगळ्यांना दाखवलं. गोल, हिरवंगार, मधोमध मोठा चारचा आकडा, खाली गाडीचा नंबर.

"म्हणजे गाडीला पण व्हिसा लागतो," भाई म्हणाले.

वर्कशॉपचा फोरमन साताऱ्याचा. तो म्हणाला, "भाई, तुमच्याआधी गाडीला मिळाला. तुम्हाला नाही दिला तर ती एकटी जाईल."

दोघांनाही व्हिसा मिळाला. दोघांनी दहा दिवसांची रजा ठरवून, चहाचे तीन नवे झाकणाचे पेले, पातेली, तांदळाचं पीठ आणि घट्ट बांधलेला जवळा घेऊन प्रस्थान ठेवलं. रजा खरं तर भाईंचीच होती. पण भाभीही म्हणायच्या, "माझी पण पहिलीच रजा हाय."

हॉलंडला गाडीची किल्ली मालकाने फाटकाजवळच्या छोट्या पेटीत ठेवली होती. पेटीचा आकडा माझ्याकडे होता, तो मी भाईंना पाठवला. मालक त्यांना भेटलाच नाही. टाकी भरलेली होती. पहिल्या दिवशी भाईंनी गाडीचे, कालव्याचे, गाईंचे फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जर्मनीत शिरले. काचेवरच्या स्टिकरचाही एक फोटो आला. त्यात काचेच्या मागे भाभी पुढच्या सीटवर बसलेल्या, पाठीला गावाहून आणलेली गोधडी.

त्याच दुपारी भाईंचा व्हॉइस मेसेज आला. मी मीटिंगमध्ये होतो. फोन कानाला लावून ऐकला. "पुणेकर, पंपावर आलोय. इथे माणूस एक पण नाय रे, सगळं आपणच करायचं. चार पाईप हायत. कुठला घालू? झाकणावर पूर्वी कायतरी लिहिलेलं होतं, आता वाचता येत नाय."

हे बहारीनच्या माणसालाच समजेल. इथे पंपावर आपण गाडीतून उतरत नाही. काच खाली करायची, जय्यद किंवा मुमताज म्हणायचं, पैसे द्यायचे, काच वर. हे दोन्ही पेट्रोलचेच प्रकार. डिझेल ट्रकवाल्यांचं. तीस वर्षांहून जास्त गाडी चालवलेल्या भाईंनी पंपाचा पाईप हातात धरलेला नव्हता. मीही धरलेला नाही.

माझ्या फोनमध्ये त्या गाडीचे दोन कागद होते. एक डच भाषेतल्या कागदाचा फोटो, आणि एक स्टिकरची पोचपावती, इंग्रजीत, मी भरलेल्या माहितीसकट. मी काटेकोर माणूस आहे. आठवणीवर विसंबत नाही, कागद बघून सांगतो. मी पोचपावती उघडली. इंधन: पेट्रोल. मी लिहिलं, "पेट्रोल." आणि फोन उलटा करून ठेवला.

त्या क्षणी मला आठवलं होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला वाटतं, नव्हतं आठवलं. तीन-चार आठवड्यांपूर्वी मीच लिहिलेलं खोटं मला कागदावर दिसलं, आणि कागदावर आहे म्हणून मी ते खरं धरलं. पण खात्रीने नाही सांगता येत. मेसेज पाठवल्यावर मी फोन उलटा ठेवला होता.

गाडी थोडं अंतर नीट गेली. मग ठकठक वाजायला लागली, झटके द्यायला लागली आणि हायवेच्या कडेला बंद पडली. भाई-भाभी पिवळी जॅकेटं घालून कठड्यापलीकडच्या गवतात उभे राहिले. भाभींना गुडघ्यांमुळे उभं राहवेना, म्हणून भाईंनी त्यांच्यासाठी गाडीतलं पातेलं उपडं घातलं आणि त्या त्याच्यावर बसल्या. हे मला मागाहून भाईंनीच हसत हसत सांगितलं. गाडी ओढून एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने टाकीचा वास घेतला आणि डोक्याला हात लावला. इंधनाचा पंप गेला होता. सुटा भाग यायला वेळ लागणार होता, त्यात शनिवार-रविवार.

भाईंचा फोन आला तेव्हा मी घरी होतो. पोचपावती आणि डच कागद दोन्ही उघडून बसलो होतो. आता सगळं आठवत होतं.

"डिझेलची होती रे," भाई म्हणाले. आवाजात राग नव्हता. थकवा होता.

"माझ्याकडून चुकून गेलं, भाई."

"खलास. होतं असं. घाबरू नको, आम्ही ठीक हाय. गॅरेजवाल्यानं गाडीतच राहायला दिलंय."

चार दिवस ते गॅरेजच्या आवारात राहिले. एका बाजूला पुढचा भाग चेपलेल्या गाड्या, दुसऱ्या बाजूला टायरांची चळत. भाभींनी तिथेच भाकऱ्या केल्या. शनिवारी मुलगी आगगाडीने आली आणि त्यांच्याजवळ दिवसभर राहिली. चहाही झाला, नव्या पेल्यांतून. भाभींनी पुढे माझ्या बायकोला सांगितलं, "मला तिला उठवायचं होतं. ती तिकीट काढून आली."

गाडी दुरुस्त झाल्यावर अजून एक दिवस हातात होता. फ्रँकफर्टला जाता आलं असतं. पण गॅरेजच्या मालकाचं लक्ष काचेकडे गेलं. त्याने भाईंना विचारलं, या गाडीला हे हिरवं कसं? एवढ्या जुन्या डिझेलला मिळत नाही. पकडलं तर दंड होईल. भाईंना आयुष्यात वाहतुकीचा एकही दंड झालेला नाही, याचा त्यांना अभिमान आहे. त्यांनी ब्लेड मागून घेतलं आणि स्टिकर खरवडून काढलं.

गाडी त्यांनी शहराबाहेर, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ लावली. ट्राम घेतली, मग थोडं चालणं, मग जिना. भाभी दोन मजले बसत बसत चढल्या. मुलीच्या खोलीत तासभर थांबल्या. खिडकीतून त्यांनी खाली पाहिलं. जिथे लावायची म्हणत होत्या तिथे एक लाल गाडी उभी होती. त्या दिवशी संध्याकाळी परत, आणि दुसऱ्या दिवशी हॉलंड.

ट्राममधून भाईंनी मला फोन केला होता. माझी आजची सगळी अस्वस्थता त्या फोनपासून सुरू होते. पंपावरच्या चुकीपर्यंत मी कदाचित स्वतःला माफ केलं असतं.

"पुणेकर, त्या स्टिकरवाल्यानं तुला फसवलं रे," भाई म्हणाले. "या गाडीला हिरवं मिळतच नाय. पैसे घेतले आणि कायतरी चिकटवून दिलं. तू साधा माणूस. पुढच्या वेळी बघून घे."

मी म्हणालो, "हो का."

एवढंच म्हणालो. त्यावर भाईंनी जरा वेळ मलाच धीर दिला.

परत आल्यावर ऑफिसात ही गोष्ट पसरली. भाईंनी सांगितली ती अशी: पंपावर गेलो, म्हातारा झालोय, चुकीचा पाईप उचलला. माझ्या मेसेजचा उल्लेख नाही. तो मेसेज त्यांच्या फोनमध्ये होता, कुणालाही दाखवता आला असता. फोरमनला आयतंच सापडलं. स्टोअरमधून जाता-येता तो विचारायचा, "भाई, फोर्कलिफ्टमध्ये काय घालू? तुम्हाला अनुभव आहे." कँटीनमध्ये चहा आला की म्हणायचा, "भाईंना विचारा, चहा पेट्रोलवर आहे की डिझेलवर." एकदा म्हणाला, "मुमताज कशाला, टाकीत बिर्याणी घालायची होती. तुमच्यासारखी गाडीही जेवून तिथेच बसून राहिली असती." सगळे हसले. मीही हसलो. भाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "हसा रे. तुमची पाळी येईल."

मी त्यांना एक लांब मेसेज लिहिला. माझ्या उत्तरामुळे तुमचा प्रवास बिघडला, मनापासून माफ करा, वगैरे. त्यात फॉर्मबद्दल एक शब्द नव्हता. दुरुस्तीचे पैसे देऊ केले, ते भाईंनी घेतले नाहीत. उत्तर आलं, "खलास रे. शुक्रवारी ये." मी शुक्रवारी गेलो आणि भाकरी खाल्ली. अर्धवट माफी मागून मी पुऱ्या माफीचं समाधान मिळवू पाहत होतो, आणि काही दिवस ते मिळालंही.

बायकोला मी अर्धंच सांगितलं. पेट्रोल लिहिलं हे सांगितलं, बाकीचं ठेवून दिलं. ती घड्या घालत होती. म्हणाली, "मला कशाला सांगताय? माझा प्रवास नव्हता तो." मग थोड्या वेळाने, "आणि अजून काहीतरी आहे. तुमच्या तोंडावर दिसतंय."

त्यानंतर मी शुक्रवारी सनदला जाणं कमी केलं. ऑफिसचं काम, मुलाची परीक्षा, अशी कारणं दिली. भाईंना वाटलं, पेट्रोलच्या त्या मेसेजचं मी मनाला लावून घेतलंय. म्हणून ते ऑफिसात मुद्दाम माझ्या टेबलाशी येऊन बसायचे. मला ते सहन व्हायचं नाही.

पुढच्या वर्षी भाईंनी नोकरी सोडली. वय झालं होतं, भाभींचं ऑपरेशन गावाकडे करायचं ठरलं होतं. बहारीन कायमचं सोडायचं. जर्मनीचा विषय पुन्हा निघाला नाही. भाभींना कुणी विचारलं तर म्हणायच्या, "जाऊन आलो ना एकदा." ऑपरेशननंतर एवढा प्रवास झेपणार नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

जाण्याआधीच्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, सनदला जेवण ठेवलं. स्टोअरची माणसं, फोरमन, दोन-तीन घरं. बाहेरच्या खोलीत कार्गोचे खोके भिंतीला रचलेले, मधल्या जागेत चादर अंथरून आम्ही बसलो होतो. एका उघड्या खोक्यात वरच ते झाकणाचे तीन पेले दिसत होते, वर्तमानपत्रात अर्धवट गुंडाळलेले. मी मुद्दाम तिकडे पाठ करून बसलो, तर समोर भाभी आल्या, स्वयंपाकघराच्या दाराला धरून. कुणाला काय हवं-नको बघत होत्या.

फोरमन म्हणाला, "भाई, गावाला गाडी घेणार की नाही? घेतलीत तर आधी मला फोन करा. पाईप कुठला ते मी सांगतो."

सगळे हसले. भाईंनी तोंड उघडलं. म्हातारा झालो, पाईप चुकला, हेच ते म्हणणार होते. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की पहिला शब्द येण्याआधीच मला ऐकू आलं.

"पाईप भाईंनी नाही चुकवला," मी म्हणालो. "त्यांनी मला विचारलं होतं. पेट्रोल मी सांगितलं."

"जाऊ दे रे," भाई म्हणाले. "जेवायला बसलोत."

"नाही भाई. आणि स्टिकरवाल्यानेही मला फसवलं नाही. मी फॉर्मवर डिझेल लिहिलं, तर हिरवं येत नव्हतं. म्हणून मग पेट्रोल लिहिलं. तुम्ही पंपावरून विचारलंत तेव्हा मी तोच कागद बघून उत्तर दिलं."

फोरमनने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. भाई माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट पाहत होतो, पण ते काहीतरी जुळवत असल्यासारखे दिसत होते. गॅरेज, ब्लेड, ट्राममधला फोन. मी तेव्हा "हो का" म्हणालो होतो, तेही त्यांना आठवलं असणार.

"का केलंस?" त्यांनी विचारलं.

"गाडी मी निवडली होती, भाई. निम्म्या भाड्यात मिळवली म्हणून सगळ्यांना सांगून बसलो होतो. ती खिडकीखाली जाणार नाही हे तुम्हाला सांगायची लाज वाटली."

मग भाभी बोलल्या. त्या दारातून हलल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी थेट प्रश्न विचारला असेल तर तो वाढू का एवढाच.

"भाऊ, ती दुसरी गाडी होती ना. नवी. तिला हिरवं मिळालं असतं?"

"हो, भाभी."

"मग ती तेव्हा दुसऱ्या कुणी घेतली होती?"

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या दुपारी, एक पान मागे जाऊन पेट्रोल निवडण्याआधी, मी ती गाडी शिल्लक आहे का ते पाहिलं होतं. शिल्लक होती. फक्त एक फोन भाईंना करायचा होता. तो करावा लागू नये म्हणून मी पेट्रोल लिहिलं.

मी उठून उभा राहिलो. हात उष्टा होता, तो तसाच बाजूला धरला.

"कुणी घेतली नव्हती, भाभी. मी त्याच दिवशी बघितलं होतं. मिळत होती. त्या गाडीने तुम्ही तिच्या खिडकीखाली गेला असता, सकाळी तिला हाक मारली असती. ते माझ्यामुळे झालं नाही, आणि हे मी एक वर्ष लपवलं. भाईंनी माझ्या वाटणीची थट्टा ऐकून घेतली आणि मी त्यात हसलो. मला माफ करा, भाभी. भाई, तुम्हीही मला माफ करा."